दाढेतली खोली

“तुळसी म्हणून कुणी हाक मारली, तर वळून बघायचं नाही. सरोजा म्हटलं, की थांबायचं. कळलं का गं?”

मद्रासच्या एगमोर स्टेशनच्या फलाटावर तुळसीचे वडील, अप्पाजी, हे बोलले, तेव्हा तंजावरची गाडी नुकतीच रिकामी झाली होती. तुळसीच्या काखेत वळकटी होती, हातात कंदील. अप्पाजींनी तिला पुढं चालायला लावलं आणि मागून हाक मारली, “तुळसी!” तिनं वळून पाहिलं. “अगं!” अप्पाजी कळवळले. पुन्हा पुढं, पुन्हा हाक. मान आपसूक वळली. अठरा वर्षं जिला ओ दिली, ती हाक एका फलाटात कशी विसरायची? पंधरा वर्षांचा धाकटा भाऊ किट्टू पितळी चंबू पोटाशी धरून दोघांकडं बघत होता. त्याला वाटलं, हा काहीतरी खेळ आहे. तो हसला. अप्पाजी हसले नाहीत. त्यांना दमा होता, आवाज चिरकत होता, तरी ते हाका मारत राहिले, आणि फलाट संपायच्या आत तुळसीची मान शिकली.

सरोजा म्हणजे अक्का. तुळसीहून दहा वर्षांनी मोठी बहीण. नवव्या वर्षी विधवा झालेली, मग हट्टानं शिकलेली, मास्तरीण झालेली. मद्रासच्या शाळेत नेमणूक झाल्याचं कळलं, आणि रुजू व्हायच्या आतच विषमज्वरानं ती गेली. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. तुळसी अक्काच्याच पुस्तकांवर शिकलेली, अक्काच्याच पाटीवर गिरवलेली. मद्रासला अक्काचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता.

“नाव तेवढं तिचं,” अप्पाजी म्हणाले होते. “अक्कल तुझीच.”

पण नाव कधी एकटं येतं का? नावाबरोबर अक्काचं वय आलं. वयाबरोबर अक्काचं वैधव्य आलं. जो पुरुष तुळसीनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता, त्याच्या नावानं तिचं कपाळ अठराव्या वर्षी मोकळं झालं. सैदापेटच्या गल्लीत मोगरेवाली सकाळ-संध्याकाळ फिरे, दारादारांत हाताच्या मापानं गजरे देई. या दारापाशी आली की आवाज खाली घेई आणि पुढं जाई. तिची ती माया होती. तुळसीला मात्र तो खाली घेतलेला आवाज ओरडण्यापेक्षा मोठा ऐकू येई.

आणि मेली ती कोण? सगळ्यांना सांगितलं, धाकटी मेली. घरातली लग्नाआधी गेलेली मुलगी, तिला वर्षातून एकदा नवं वस्त्र द्यायचं, अशी इकडची रीत. तै या तमिळ महिन्यातल्या शुक्रवारी दिवा लावायचा, त्याच्यापुढं परकर-पोलकं, बांगड्या, मोगऱ्याचा गजरा मांडायचा, गोड भाताचा नैवेद्य दाखवायचा. हे सगळं तुळसीनं आपल्या हातानं, आपल्याच नावानं, वर्षानुवर्षं केलं. पुढं किट्टूचं लग्न झालं, तो कृष्णस्वामी झाला, अंबत्तूरच्या कारखान्यात लागला, त्याला विशालाक्षी झाली. मग ते परकर विशालाक्षीला होऊ लागले. दिव्यासमोरचा परकर उचलून ती पोर नाचत सुटे, “तुळसीआत्यानं दिला, तुळसीआत्यानं दिला!” आणि सरोजाआत्या म्हणून जिला ती ओळखत होती ती बाई चुलीकडं तोंड करून भात ढवळत राही.

आता ती विशालाक्षी दातांची डॉक्टर व्हायला निघाली होती. शहाऐंशी सालचा एप्रिल. शेवटची परीक्षा.

*

“आत्या, बुडाले मी! तो एन्नोरचा मासेवाला पळाला!”

चपला न काढताच विशालाक्षी स्वयंपाकघरात आली. त्यांच्या परीक्षेची तऱ्हाच अशी, की पेशंट आपला आपण शोधून आणायचा, आधी कॉलेजातल्या मॅडमना दाखवून पास करून घ्यायचा आणि परीक्षेच्या दिवशी खुर्चीत बसवून सगळ्यांदेखत त्याची दाढ कोरायची. पेशंट नाही तर परीक्षा नाही.

“का पळाला?”

“मशीनचा आवाज ऐकला नि पळाला. अय्यो, चप्पलसुद्धा टाकून गेला!”

“जन्मभर दुसऱ्याच्या तोंडात गळ घातला मेल्यानं,” तुळसी म्हणाली. “स्वतःच्या तोंडाची पाळी आली तेव्हा कळलं.”

विशालाक्षी हसता हसता थांबली. आत्याच्या उघड्या तोंडाकडं टक लावून बघायला लागली.

“आ कर.”

“का?”

“आत्या, आ कर ना! ती खालची उजवी दाढ… काळा ठिपका आहे गं! केवढासा! देवानंच ठेवलेला दिसतोय माझ्यासाठी!”

एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी तुळसी कॉलेजात जाऊन आली. मॅडमनी तोंडात आरसा घालून दाढ पाहिली, मान हलवली. विशालाक्षीनं दाढेची एक्स-रे फिल्म काढली. नाव सरोजा, वय सत्तावन्न, असं केसपेपरवर तिनंच लिहिलं. तिला काय विचारायचं होतं? आत्याचं वय तिला पाठ होतं. पुढच्या महिन्यात आत्या निवृत्त होणार, शाळेत मोठा समारंभ होणार, हे सगळ्या सैदापेटला पाठ होतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तुळसी सुपात तांदूळ निवडत होती आणि विशालाक्षी येरझाऱ्या घालत पाठ म्हणत होती. कृष्णस्वामी दाराशी पेपर वाचत बसला होता.

“दात उगवला, मूळ पुरतं बांधून झालं, की लोकांना वाटतं संपलं काम. पण आतल्या भिंतीला लागून पेशींची एक रांग असते, ती थांबत नाही. जन्मभर आतल्या अंगानं थर देत राहते. अगदी सावकाश. यालाच सेकंडरी डेंटिन म्हणायचं.”

“आतल्या अंगानं?” तुळसीनं विचारलं. “मग जागा कुठं उरते?”

“तेच तर! दाढेच्या मधोमध एक खोली असते बघ, पल्पची. दाताचा जीव तिथं. पेशी थर देतात आणि मागं सरतात, पुन्हा थर देतात, पुन्हा मागं. भिंती जाड होतात, छत खाली येतं, जमीन वर येते. तरण्या माणसाची खोली ऐसपैस. म्हाताऱ्याची म्हणजे दोरा जाईल एवढी फट.”

“आपलीच खोली आपणच लिंपत बसायची. बाहेर कुणाला पत्ता नाही.”

“आत्या! हे मी उद्या तोंडी परीक्षेत सांगू?”

“सांग की. मला काय त्याचं.”

मग विशालाक्षीनं पाकिटातून ती बोटभर फिल्म काढून दिव्यापुढं धरली. “ही बघ तुझी. काय स्वच्छ आलीय! ही दाढ, हा इनॅमल, आणि ही मधली काळी खोली. तुझी बरीच मोठी आहे हं. गवंडी आळशी निघाले तुझे.” ती खुदकन हसली. “कॉलेजातल्या पोरींसारखी खोली आहे आत्याची!”

दारातला पेपर खाली आला. कृष्णस्वामीनं बहिणीकडं पाहिलं. तुळसीचा हात सुपात थबकला होता.

“हे… त्यावरून वय कळतं?”

“बऱ्यापैकी. उद्या बाहेरून परीक्षक यायचेत ना, डॉक्टर राममूर्ती, त्यांचा हाच अभ्यास आहे. कोर्टात साक्षीला बोलावतात त्यांना. माणसं वय चोरतात, दाताला ते जमत नाही, म्हणतात.”

तांदळात एक खडा होता. तुळसीनं तो उचलला, पुन्हा सुपातच टाकला.

“विशा, दुसरं कुणी नाही मिळायचं?”

“आत्या! उद्या परीक्षा आहे!” विशालाक्षीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “घाबरलीस? मी हळू करीन गं. शप्पत. माझ्यावर विश्वास नाही?”

“आहे, कण्णे, माझ्या सोन्या. येते मी. वाच तू.”

मुलगी आत गेल्यावर कृष्णस्वामी उठून जवळ आला. “अक्का,” म्हणाला. लहानपणी तो दोघींनाही अक्का म्हणायचा, थोरली अक्का, धाकटी अक्का. फलाटानंतर एकच उरली. “अक्का,” तो पुन्हा म्हणाला, आणि पुढं त्याला काही सुचेना. अप्पाजी जाताना त्याच्याकडून पाण्यावर हात ठेवून हे कधी न फोडायचं वचन घेऊन गेले होते.

“सुपात खडे फार आहेत,” तुळसी म्हणाली. “जा, चष्मा आण माझा.”

*

परीक्षेच्या हॉलात खुर्च्यांच्या दोन रांगा होत्या, प्रत्येक खुर्चीत एक उघडं तोंड, प्रत्येक तोंडाशी आरसा धरलेला एक हात. लवंगतेलाचा वास भरून राहिला होता. वरचे पंखे उकाडाच खाली लोटत होते. यंत्रांची घरघर एकात एक मिसळून सबंध हॉल कुठल्याशा मोठ्या जात्यासारखा गरगरत होता.

विशालाक्षीनं दाढेभोवती कापसाच्या गुंडाळ्या बसवल्या. तुळसीला आता बोलता येणार नव्हतं, आणि तिला त्याचं बरं वाटलं. तोंडात कापूस असलेल्या माणसाला कोण काय विचारणार?

डॉक्टर राममूर्ती बुटके होते, चष्मा कपाळावर चढवून चालत. एकेका खुर्चीपाशी थांबायचे, हळू आवाजात दोन प्रश्न विचारायचे आणि पुढं सरकायचे. ते तिच्यापासून तिसऱ्या खुर्चीशी आले तेव्हा तुळसीला त्यांच्या बुटांचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या खुर्चीशी आले तेव्हा साबणाचा वास आला. मग ते आलेच.

त्यांनी फिल्म उचलून खिडकीच्या उजेडात धरली. धरून ठेवली.

“पेशंटचं वय?”

“सत्तावन्न, सर.”

“नक्की?”

“माझी आत्याच आहे, सर.”

“बरं. सेकंडरी डेंटिन म्हणजे काय?”

विशालाक्षीचा चेहरा खुलला. कालची सगळी येरझार तिच्या जिभेवर आली. मूळ पूर्ण झाल्यावरचा तो थर, मागं सरणाऱ्या पेशी, खाली येणारं छत, सगळं सांगून शेवटी ती म्हणाली, “आपली खोली आपणच आतून लिंपत बसतात, सर.”

राममूर्तींनी चष्मा नाकावर घेतला. “छान. हे पुस्तकात नाही. कुणी सांगितलं?”

“आत्यानं.”

“असं?” त्यांनी खुर्चीतल्या बाईकडं एकवार पाहिलं आणि फिल्म मुलीच्या हातात दिली. “मग आता बघून सांग. ही खोली कितपत लिंपली गेलीय?”

विशालाक्षीनं फिल्म वर धरली. उलटी करून पुन्हा पाहिली.

“फार नाही, सर.”

“छत?”

“उंच आहे.”

“तुला नुसती फिल्म दिली असती, तर वय काय सांगितलं असतंस?”

“पंचेचाळीस…” तिचा आवाज बारीक झाला. “चाळीसही, सर.”

“आणि खुर्चीत सत्तावन्न.” त्यांनी फिल्म परत घेतली. आवाज चढवला नाही. “ही फिल्म कुणाची?”

“सर?”

“फिल्म चांगली येत नाही, डार्करूममध्ये खराब होते, मग मुलं दुसऱ्याची चांगली फिल्म लावतात. मी विचारतोय, ही कुणाची?”

“हिचीच आहे! सर, मी स्वतः काढली! मी—”

मॅडम लगबगीनं आल्या. “सर, ही असली मुलगी नाही.”

“गेल्या वर्षी एका कॉलेजात दोघांना पकडलं,” राममूर्ती म्हणाले. “तीही असली मुलं नव्हती, मॅडम.”

शेजारच्या दोन खुर्च्यांवरची यंत्रं थांबली. वर्गातली मुलं मान न वळवता ऐकत होती.

“पुन्हा काढा सर,” विशालाक्षी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण मान ताठ होती. “आत्ता काढा. कुणीही काढा. मी हातसुद्धा लावणार नाही.”

पोरीला वाटत होतं, दुसरी फिल्म तिला सोडवील.

एक्स-रेच्या खोलीत मदतनीस बाईनं फिल्म दाढेआड ठेवली आणि तमिळमध्ये म्हणाली, “बोटानं दाबून धरा, अम्मा. हलू नका.” तेव्हा तसंच असे, पेशंटनं आपली फिल्म आपल्याच बोटानं धरायची. तुळसीनं धरली. यंत्राचं तोंड तिच्या गालाला टेकलं, किर्र झालं, थांबलं. आपल्याच बोटानं तिनं आपल्याविरुद्धची साक्ष जागेवर धरून ठेवली होती, आणि बोट जराही हललं नव्हतं. हललं असतं तर फिल्म बिघडली असती. ते तिला नंतर सुचलं. तीस वर्षं मुलांना ‘हलू नका’ सांगणाऱ्या बाईला कुणी हलू नका म्हटलं, की ती हलत नाही.

मग परत खुर्ची. फिल्म धुवून यायची होती.

विशालाक्षी तिच्या गुडघ्याशी बसली. “आत्या, तू घाबरू नकोस हं. दोन मिनिटांत कळेल त्यांना. मी नाही बदलली गं फिल्म. तुला तरी खरं वाटतं ना?”

तुळसीनं मान हलवली. जिभेनं ती दाढ चाचपली. किती वर्षांची ती? सहाव्या-सातव्या वर्षी आली असेल. तेव्हा अक्का पहाटे दळायला बसायची आणि ही खुंट्याला दुसरा हात लावायची. केस उतरवलेल्या डोईवर पदर ओढून अक्का गायची, तिचा आवाज जात्याहून खालच्या पट्टीत:

जात्याच्या गं पोटी, दाणा सांगे आपुलं मूळ
बाई तुझ्या गं पोटी, कोण्या गावाची धूळ?

तेव्हा त्या ओवीचा अर्थ कळायचा नाही. पिठाचा वास तेवढा यायचा. अक्का, तू असतीस तर काय केलं असतंस? माझं नाव तू घेतलं असतंस का? की जात्याखाली गेलेला दाणा बोलतोच म्हणाली असतीस?

“टीचर!”

तिनं दचकून पाहिलं. ट्रे हातात घेतलेली नर्स वाकून बघत होती. तरुण, गोल चेहरा, केसांत पिना लावून बसवलेली टोपी.

“सरोजा टीचर, ओळखलंत का? मी तुमच्या चौथीतली! ओला हात लावून पाटी पुसायची म्हणून तुम्ही मला उभं केलं होतंत!” ती तमिळमध्ये भडाभडा बोलत होती. “पुढच्या महिन्यात समारंभ आहे ना तुमचा? आम्ही सगळ्या जुन्या मुली येणार आहोत. मी भाषणसुद्धा पाठ केलंय. सरोजा टीचरनी आम्हाला काय शिकवलं? खोटं बोलायचं नाही आणि पाटी थुंकीनं पुसायची नाही!” ती हसली. मग विशालाक्षीचा चेहरा बघून हसू आवरलं. “काय झालं?”

विशालाक्षी दाराकडं बघत होती. राममूर्ती येत होते. त्यांच्या हातात चिमट्याला लावलेली ओली फिल्म होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. मॅडम मागून येत होत्या, त्यांची मान खाली होती.

विशालाक्षी उठून उभी राहिली. “बघितलंत, सर? तीच आहे ना?”

“तीच आहे,” राममूर्ती म्हणाले. “दोन्ही फिल्म एकाच दाढेच्या.”

“मी म्हटलं नव्हतं?” तिनं श्वास सोडला. हसली. आत्याचा खांदा दाबला.

“थांब. माझं चुकलं, फिल्म बदललेली नाही.” त्यांनी ओली फिल्म वर धरली. “म्हणजे माणूस बदललाय.”

हसू विशालाक्षीच्या तोंडावर तसंच राहिलं, विसरल्यासारखं.

“अम्मा, आ करा,” राममूर्ती तमिळमध्ये म्हणाले. त्यांनी आरसा घेऊन सगळं तोंड पाहिलं, पुढचे दात, सुळे, दाढा, हिरड्या. सावकाश, कुठंही न टोचता. “एका दाढेवरून मी कुणाचं वय ठरवत नाही. माणसामाणसांत फरक असतो. पाच-सात वर्षांची चूक मी माझ्या पदरात घेईन. पण इथं झीज नाही, हिरडी जागच्या जागी आहे, फिल्मवर खोली ही एवढी. हे सत्तावन्न वर्षांचं तोंड नाही. मॅडम, तुम्ही पास केलेली पेशंट हीच?”

“मला वाटतं, हीच.”

“वाटतं?”

“सर, त्या दिवशी चाळीस पेशंट होते. मी तोंड बघितलं. चेहरा कोण बघतो?”

“तेच म्हणतो मी. सत्तावन्नच्या बाईंना पास करून घेतलं आणि आज सोपी, तरुण दाढ बसवली. त्याच नावावर.” त्यांनी विशालाक्षीकडं पाहिलं. रागानं नव्हे, थकल्यासारखं. “उत्तर इतकं चांगलं दिलंस. कशाला केलंस हे?”

“सर, ही सरोजाआत्या आहे माझी! जन्मल्यापासून बघतेय मी हिला! माझ्या अप्पांना बोलवा, शाळेत विचारा, कुणालाही…”

“ही टीचरच आहे, डॉक्टर,” नर्स पुढं झाली. “सरोजा टीचर. मी शिकलेय यांच्याकडं.”

राममूर्तींनी नर्सकडं पाहिलं. मग खुर्चीकडं वळून त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या गालातला कापूस काढला. “अम्मा, तुम्हीच सांगा. नाव काय तुमचं?”

आणि फलाटावर शिकलेली मान बरोबर वळली.

“सरोजा,” ती म्हणाली.

“वय?”

“सत्तावन्न.”

जीभ अडखळलीसुद्धा नाही. किती गुळगुळीत झाली होती ती वाट! राममूर्तींनी मान हलवली, जणू त्यांना हेच ऐकायचं होतं. ते मॅडमना म्हणाले, “दोघी ठरवून आल्यात. तिला उठवा. परीक्षेतून काढा, आणि का काढलं ते वर कळवा. अशी मुलगी उद्या दवाखाना उघडेल.”

“सर, नको!” विशालाक्षी रडत नव्हती. रडण्याच्या पलीकडं गेली होती. ती इंग्रजी विसरली, तमिळ विसरली, घरच्या तंजावरी मराठीतच मॅडमना सांगू लागली, ज्यांना त्यातला शब्द कळत नव्हता. “माझी आत्या खोटं नाही बोलत हो. मला काय म्हणायचं ते म्हणा. तिला खोटी नका म्हणू. ती कधीच खोटं नाही बोलत.”

सगळा हॉल थांबला होता. एका खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच इकडं बघत होता.

तुळसीनं डोळे मिटले. तिला वाटलं, आपण एका खोलीत उभ्या आहोत. दरवर्षी एक थर. मोगरेवालीचा खाली घेतलेला आवाज, थर. दिव्यासमोरचा परकर, थर. किट्टूचं अर्धं राहिलेलं वाक्य, थर. ती मागं मागं सरत आली होती, पाठ भिंतीला लागेपर्यंत, आणि तिला वाटत होतं आता फट तेवढी उरलीय, दोऱ्याएवढी. पण दाढ म्हणत होती, नाही. ती ओली फिल्म म्हणत होती, अजून जागा आहे. ऐसपैस आहे. जीव तिथंच आहे.

मागून अप्पाजी ‘सरोजा’ म्हणून हाक मारत होते. ती वळली नाही.

तिनं गळ्याचा टॉवेल सोडला आणि खुर्चीत सरळ बसली, वर्गावर बसावं तशी.

“डॉक्टर, त्या मुलीला उठवू नका.” ती तमिळमध्ये बोलली, शांतपणे, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. “मॅडमनी पाहिलं ते तोंड माझंच होतं. दोन्ही फिल्म माझ्याच. तिनं काही बदललेलं नाही. बदललं ते तिच्या जन्माच्या आधी.”

“आत्या, काय बोलतेस?”

“सरोजा माझी बहीण. मी शिकवते त्या शाळेत नेमणूक झाली ती तिची, आणि रुजू व्हायच्या आधी ती गेली. शाळेत आले ते मी.” नर्सच्या हातातला ट्रे खडखडला. तुळसीनं तिच्याकडं पाहिलं. “तुला शिकवलं ते मीच शिकवलं, पोरी. तेवढं खरं आहे. भाषण मात्र राहू दे.”

राममूर्तींनी चिमट्यासकट फिल्म हळूच ट्रेमध्ये ठेवली.

विशालाक्षी जवळ आली होती. तिला काहीतरी आठवत होतं, जुळत होतं. तिचे डोळे मोठे मोठे होत गेले. “मग… तै महिन्यात… दिव्यापुढं आपण कुणाला…”

“तू घातलेस ते सगळे परकर माझ्या नावाचे होते, कण्णे.” आता ती मराठीत बोलत होती, अक्काच्या मराठीत, जात्याच्या खालच्या पट्टीत. तिनं विशालाक्षीच्या खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं, आणि त्या हातावर वरून आपला हात धरला, पहिलीतल्या मुलीचा धरावा तसा. “खोड ते नाव. नीट लिही, घाई करू नकोस. मी तुळसी. अप्पाजींची धाकटी. मला सत्तेचाळिसावं चाललंय.”